धुतलेल्या बाटल्यांची खरी हकीकत

तीर्थस्वरूप दादासाहेबांना मेहुण्याचा वाकून नमस्कार (कमरेला पट्टा असल्याने जमेल तेवढं वाकून). या पत्राचा विषय पाहता 'तीर्थस्वरूप' या शब्दाचा कुणी भलताच अर्थ लावेल, पण चहासुद्धा अर्धाच कप घेणाऱ्या माणसाबद्दल तसं बोलायची कुणाची छाती नाही.

इकडचं कुशल पुढे सविस्तर येणारच आहे, म्हणून आधी तुमचं. गुडघा कसा आहे? तेल चोळून काही होत नाही, पण चोळणाऱ्याला बरं वाटतं, तेव्हा चालू द्या. वहिनींना नव्या चष्म्यातून जवळचं दिसतं ना? दिसत नसेल तर त्या लांबचा चष्मा घालून वाचत असणार. नंबर मी स्वतः तपासला आहे आणि माझा नंबर आजवर चुकलेला नाही, लोकांचे डोळे चुकतात.

तुमची बहीण तुमच्याकडे सुखरूप पोचली असेलच. चार दिवसांसाठी कुठे जाताना ती खांद्याची पिशवी नेते. या वेळी चाकांची मोठी बॅग नेली आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कृपा करून गैरसमज नसावा. भांडण झालेलं नाही. भांडायला दोन माणसं लागतात आणि त्या दिवशी बोलत फक्त मी होतो. फोन मी रोज करतो. ती उचलते, माझा आवाज ऐकते आणि ठेवते. तब्येत ठणठणीत आहे एवढं त्यावरून कळतं, बाकीचं कळत नाही, म्हणून हे पत्र. येत्या शुक्रवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. तोवर ती घरी यावी अशी विनंती मी करतो आहे असं मात्र समजू नका. ती येणारच आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण एकाच बाजूचं ऐकून तुमच्यासारख्या न्यायी माणसाचं मत कलुषित होऊ नये, एवढ्यासाठी खरी हकीकत कळवतो. कोण बरोबर ते तुम्हीच ठरवा. (मीच बरोबर आहे. पण तुम्ही ठरवा.)

तुम्हाला आठवत असेल, मी चष्म्याचं दुकान बंद केलं तेव्हा फ्रेमा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने निरोपाची भेट म्हणून वाईनची एक बाटली दिली होती. उंची असावी, कारण देताना त्याने ती दोन्ही हातांनी दिली. मी ती त्याच संध्याकाळी उघडणार होतो. पण जन्मभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावण्याचा धंदा केलेला माणूस मी, समोर अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. बाटलीच्या पाठीमागे अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी होतं. भिंग लावून वाचलं. थंड, अंधाऱ्या आणि निवांत जागी आडवी ठेवावी, काही वर्षं थांबल्यास अधिक चांगली लागेल, असा मजकूर. आता 'काही वर्षं' म्हणजे किती, हे लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून दिलेल्या नंबरात जसा मी कधी हात घातला नाही, तसा इथेही घातला नाही. बाटली आडवी केली. मग एकटीच आडवी पडलेली बाटली म्हणजे कुणीतरी विसरून गेल्यासारखी दिसते, म्हणून तिला सोबत आणली. मग त्या सोबतिणींना सोबत आणली. पुस्तकं आणली, वाचली, खुणा केल्या. मला एक गोष्ट कळून चुकली, दादासाहेब. वाईन पिणं कुणालाही जमतं, त्यात काय आहे, तोंड असलं की झालं. वाईन ठेवणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

कारण तिला काय काय लागत नाही म्हणता? ऊन चालत नाही, उकाडा चालत नाही, वास चालत नाही, धक्का चालत नाही. हवा फार कोरडी झाली तर बूच आकसतं आणि आतला माल नासतो, म्हणून थोडा ओलावा हवा, पण फार नको. (ही यादी वाचून तुमची बहीण म्हणाली की एवढं तर तिने बाळंतपणातही मागितलं नव्हतं.) मी घरभर थर्मामीटर टांगले. स्वयंपाकघर बादच झालं. माळा तापतो. न्हाणीघर थंडगार आणि दमट, मला पसंत होतं, पण साबणाचा वास आणि शिवाय आंघोळ करणाऱ्यांची गैरसोय. कपडे धुण्याचं यंत्र फिरायला लागलं की अख्खी मागची बाजू थरथरते, तेव्हा तीही गेली. शेवटी शास्त्राने जिथे नेलं तिथे मी निमूट गेलो. आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगाखाली, तुमच्या बहिणीच्या बाजूला, भिंतीलगत, घरातली सर्वांत थंड, अंधारी, निवांत जागा सापडली. यात माझा काही हात नव्हता. ती माझ्या बाजूला सापडली असती तर मी बाटल्या तिथे ठेवल्या असत्या.

पलंगाखाली फळ्या ठोकून कप्पे केले. खिडकीला काळा पडदा लावला. ओलाव्यासाठी कप्प्यांच्या मधून मधून वाट्यांत भिजलेले स्पंज ठेवले. आणि धक्का बसू नये म्हणून तुमच्या बहिणीला इतकंच सांगितलं की कूस बदलायची असेल तर एकदम बदलू नये, हळूहळू, टप्प्याटप्प्याने बदलावी. यात जाच तो काय? मी स्वतःही तसंच करत होतो. माझ्या घोरण्याचं काय, असं तिने विचारलं. मी त्याचाही अभ्यास केला. घोरणं एकसारखं असतं, त्याने धक्का बसत नाही, ते वाईनच्या अंगवळणी पडतं. (तुम्ही मागे आलात तेव्हा पलंगावर टेकलात आणि मी तुम्हाला घाईघाईने उठवून खुर्चीत बसवलं, त्याचा तुम्हाला राग आला असेल. राग व्यक्तीवर नव्हता, वजनावर होता.) पुढे उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र सतत चालू ठेवावं लागलं तेव्हा तिला थंडी वाजायला लागली, म्हणून मीच सुचवलं की आपण दोघं बाहेरच्या खोलीत झोपू. ती सोफ्यावर, मी सतरंजीवर. इतका त्याग करणारा नवरा तुमच्या पाहण्यात दुसरा असेल तर कळवावं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं केलं, तर चव कशी होती? दादासाहेब, हा प्रश्न सामान्य माणसाचा आहे. मी एकही बाटली उघडलेली नव्हती. उघडली की संपली, मग संग्रह कसला? खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांनाही हा शौक आहे. त्यांच्याकडे काचेच्या दाराचं, आत दिवा लागणारं खास कपाट आहे. ते दर शनिवारी एक बाटली काढतात, पितात आणि रिकामी फेकून देतात. याला मी संग्राहक म्हणत नाही, याला गिऱ्हाईक म्हणतात. पण माणूस चांगला. माझ्याकडे येऊन पलंगाखाली वाकून बाटल्या बघायचा आणि मी बॅटरीच्या उजेडात एकेक लेबल वाचून दाखवायचो. कुठल्या डोंगरउतारावरचं द्राक्ष, कुठल्या सालचं पीक, पिंप कसल्या लाकडाचं. तो नुसता मान डोलवायचा. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तुमची बहीण म्हणाली, "आज उघडू या ना हो एखादी." मी तिला लेबल दाखवून नीट समजावलं की अजून तयार झालेली नाही, थांबायला हवं. "ती तयार होईपर्यंत आपण पिकून गळून पडू," असं ती म्हणाली. बोलते छान, पण त्यात शास्त्र नसतं.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. मागल्या आठवड्यात मी कमरेच्या पट्ट्यासाठी दवाखान्यात गेलो होतो. परत आलो तो जिन्यातूनच साबणाचा वास. झोपायच्या खोलीचा काळा पडदा खाली काढून धुवायला टाकलेला, खिडकी सताड उघडी, पलंग भिंतीपासून ओढलेला. आणि गच्चीवर, दादासाहेब, भर दुपारच्या उन्हात, माझा सगळा संग्रह ओळीने उभा! उभा म्हणजे उभा! घासूनपुसून, लखलखीत, आणि एकाही बाटलीच्या अंगावर कागदाचा कपटा नाही. सगळी लेबलं बादलीत लगदा होऊन तरंगत होती. तुमची बहीण हात पुसत आली आणि हसून म्हणाली, "बघा आता, कशा दिसतात! स्पंजांनी कुबट वास सुटला होता, लेबलांना बुरशी धरली होती."

आता हे खापर मी कुणाच्या डोक्यावर फोडू? तुमच्या मातोश्रींचा मला अतोनात आदर आहे, पण घरात आलेली प्रत्येक बाटली, बरणी आणि डबा कोमट पाण्यात बुडवून, कागद खरवडून, मगच कपाटात ठेवायचा, नाहीतर कागदामागच्या खळीला कसर लागते, हा नियम त्यांचाच. तुमच्या घरात आजही एकाही बरणीवर नाव नाही. मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो होतो तेव्हा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं, ते मी मुकाट्याने प्यायलो, आठवतंय? तुम्ही सगळे हुंगून आणि हलवून ओळखता. ती तुमची घरची विद्या आहे, माझी ना नाही. पण कुठल्या डोंगरउतारावरची, कुठल्या सालची, हे हलवून कळत नाही हो!

त्यावर मी जे बोललो ते जसंच्या तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही. मी म्हणालो, "या घरात नाजूक वस्तू सांभाळायची सोयच नाही." बस, इतकंच. त्यात तिचं नाव नाही, तुमचं नाव नाही, शिवी नाही. ती म्हणाली, "खरंय तुमचं. म्हणूनच मी निघाले." आणि माळ्यावरून मोठी बॅग काढली. मी स्टूल धरलं होतं, हेही नमूद करतो.

ती गेल्यावर मी खचलो असेन असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. मी लगेच कामाला लागलो. लेबलं गेली म्हणून काय झालं, पारख तर जागेवर आहे! दातांच्या डॉक्टरांना बोलावलं आणि बाटल्या ओळखायचं काम हाती घेतलं. त्यासाठी मी माझ्याच धंद्यातली पद्धत वापरली. तुम्हाला माहीत आहे, चष्म्याचा नंबर काढताना आम्ही डोळ्यासमोर एक भिंग धरतो, मग दुसरं धरतो आणि विचारतो, हे बरं की मघाचं बरं? माणूस सांगतो, त्यातलं वाईट बाजूला, चांगलं पुढे, पुन्हा नवं भिंग, पुन्हा तोच प्रश्न, आणि शेवटी एकच उरतं. तसंच मी डॉक्टरांना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एक पेला, मग दुसरा पेला. हे बरं की मघाचं बरं? डॉक्टर म्हणाले, सारखंच. मी म्हटलं, नीट बघा, म्हणजे चाखा. पुन्हा दिलं. सारखंच. मग मी खुर्चीत बसलो आणि त्यांनी विचारलं. मलाही पहिले काही पेले सारखेच लागले, पण मी तसं सांगितलं नाही. पहिल्यात लाकूड आहे, दुसऱ्यात डोंगर आहे, असं सांगितलं. नंतर कळलं की डॉक्टरांनी दोन्ही वेळा एकाच बाटलीतलं ओतलं होतं. (माणूस चांगला आहे असं मी वर लिहिलं, ते जरा सबुरीने घ्यावं.)

पण मग एक बाटली अशी आली की आम्ही दोघांनीही पेले पुन्हा पुढे केले. हिला बूच नव्हतं, फिरवून काढायचं झाकण होतं. हल्ली भल्याभल्या वाईनना झाकणच असतं असं डॉक्टर म्हणाले. मीही तेच म्हणालो, किंबहुना त्यांच्या आधी म्हणालो. चव काय सांगू! हलकी, गोडसर, घोटाबरोबर अंगात ऊब पसरवणारी. डॉक्टर म्हणाले, हे बरं. मी म्हणालो, हेच बरं. बाकी सगळ्या तिच्यापुढे पाणी भरतात. आम्ही ती तळापर्यंत संपवली आणि माझ्या संग्रहातलं सर्वांत दुर्मीळ रत्न हेच, असा निकाल मी तिथल्या तिथे दिला. इतक्या वर्षांच्या माझ्या साठवणुकीचं याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं? उन्हात उभी केली, लेबल काढलं, धुतली, तरी गुण लपला नाही.

तेव्हा तात्पर्य असं की माझं काही बिघडलेलं नाही. घर व्यवस्थित आहे. मी दोन वेळा जेवतो. (एकदा जेवतो आणि एकदा बिस्किटं खातो, पण बिस्किटंही पोटातच जातात.) तुमच्या बहिणीला तुमच्याकडे राहायचं तितकं राहू द्या. मला घाई नाही. माझी बाजू तुम्हाला पटली असेलच. उत्तर सवडीने, गुडघा बरा असेल त्या दिवशी लिहावं. वहिनींना नमस्कार, लेकीसुनांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. घरातली कात्री कुठे असते, हे तिला सहज बोलता बोलता विचारावं. माझं नाव काढू नये. मोज्यांबद्दलही विचारता आलं तर बरं होईल.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून तिकीट लावलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. ती झाकणाची बाटली आपण कधी आणली हे मला काही केल्या आठवेना, म्हणून कोपऱ्यावरच्या वाईनच्या दुकानात चौकशीला गेलो. दुकानदार म्हणाला, "ती तुम्ही नाही नेलीत काका, काकू घेऊन गेल्या. त्यांनी येऊन विचारलं, वाट बघावी लागत नाही अशी कुठली आहे का? लग्नाच्या वाढदिवसाला हवी आहे, म्हणाल्या. आमच्या घरी खूप आहेत, पण सगळ्या थांबायच्या आहेत. लगेच पिता येईल अशी द्या." त्याने फळीवरची अगदी साधी, रोजची, झाकण फिरवून उघडणारी बाटली दिली. म्हणजे माझ्या संग्रहातल्या एकीलाही धक्का लागू नये म्हणून तिने स्वतःची वेगळी आणली होती, आणि घरच्या सवयीने तिचंही लेबल काढून ती बाकीच्यांबरोबर वाळत ठेवली होती. ती मी दातांच्या डॉक्टरांबरोबर पिऊन टाकली. तिची वाढदिवसाची बाटली! डॉक्टरांना तर मी वर दुसरा पेलाही भरून दिला. मला फार वाईट वाटलं, दादासाहेब. दुकानात उभ्या उभ्या मला तिची आठवण आली आणि दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं.

ता. क. तिसरा. तसलीच दुसरी बाटली त्याच दुकानातून आणली आहे. पलंगाखालचं सगळं डॉक्टरांच्या कपाटात पोचवलं. त्यांचं कपाट मी म्हणत होतो तितकं वाईट नाही. बरंच मावतं.

ता. क. चौथा. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, कारण हे मी तुमच्या जिन्यात बसून पेन्सिलीने लिहितो आहे. पत्र टपालात टाकलं असतं तर शुक्रवार उलटून गेला असता, म्हणून स्वतःच घेऊन आलो. आलोच आहेस तर मग वर येऊन बोलत का नाहीस, असं तुम्ही विचाराल. तोंडाने सांगायला गेलो की मी पुन्हा मीच कसा बरोबर ते सांगत बसेन, हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. तेव्हा आता हे पत्र दाराखालून सरकवतो, बेल वाजवतो आणि खाली जाऊन शेवटच्या पायरीवर बसतो. बाटली पिशवीत आहे. तिला खाली पाठवा. ती येत नाही म्हणाली तर मला वर बोलवा. तेही जमणार नसेल तर दोन पेले घेऊन तुम्हीच खाली या. पण तुम्ही पीत नाही आणि तुमचा गुडघा दुखतो, म्हणून सगळ्यांच्या सोयीचं हेच की तुम्ही तिलाच पाठवा.